बटण दाबल्याची वेळ

पोलीस ठाणे नूरहाम्न, खोली क्रमांक ४. मंगळवार, दि. ४ मार्च २०२५. जबाबास सुरुवात सकाळी ९.१०.

मी, तूवे एल्फविंग, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (संगणक प्रोग्रामर), राहणार ब्योर्कवेगेन १२, नूरहाम्न, समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी व दोन मुलींसह राहतो. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आलो आहे. या जबाबामुळे माझ्यावरही कारवाई होऊ शकते हे तपासी अंमलदार इल्वा सांडीन यांनी मला समजावून सांगितले. ते मला समजले.

बंदराच्या यार्डात लाकडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बिनचालक गाड्या आहेत. त्यांचा कोड लिहिणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षे नोकरीला आहे. गाडीने काय करावे हे ठरवणे माझे काम नाही. गाडीने काय केले ते लिहून ठेवणे माझे काम आहे. गाडीच्या सर्व नोंदींचा कोड मी लिहिलेला आहे.

गुरुवार, दि. २५ एप्रिल २०२४ रोजी दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी यार्डातल्या नऊ आणि दहा नंबरच्या ढिगांमधल्या गल्लीत आमच्या गाडीखाली येऊन इमांट्स ओझोल्स, वय ३६, हे लाटवियाचे ट्रकचालक मरण पावले. ते ट्रकमधून उतरून खाली वाकून गठ्ठे बांधलेला पट्टा सोडवत होते. गाडीच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने त्यांना माणूस म्हणून ओळखले नाही. त्याबद्दल इतरांचे जबाब झाले आहेत, मी त्यात पडत नाही. त्या वेळी यार्डावर नजर ठेवणाऱ्या टॉवरमध्ये रागनवाल्ड एदीन, वय ६१, हा ड्युटीवर होता. गाडी थांबवण्याचे बटण त्याच्या हातात होते. त्याने बटण चार सेकंद उशिरा दाबले, त्यामुळे माणूस गेला, असा त्याच्यावर आरोप आहे. त्याने तो मान्य केला आहे. येत्या १७ मार्चला न्यायालयात सुनावणी आहे.

रागनवाल्डने उशीर केला नाही. हे सांगण्यासाठी मी आलो आहे.

मला हे कसे माहीत, असे अंमलदारांनी विचारले. त्यासाठी नोंदी कशा होतात ते सांगावे लागेल.

नोंदी ठेवण्यासाठी आम्ही एक तयार लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. आपल्या कोडमधून त्याला हाक मारायची, तो आपले काम करून देतो. ही लायब्ररी चांगली आहे. दोष तिचा नाही. तिच्यात एकेका नोंदीला दोन वेगवेगळ्या वेळा लावता येतात. एक, गोष्ट घडली ती वेळ. दुसरी, गोष्ट लिहिली गेली ती वेळ. दुसरी वेळ लायब्ररी स्वतः टाकते. पहिली आपण सांगायची असते. नाही सांगितली तर ती तक्रार करत नाही. ती नोंद मग फक्त दुसऱ्या वेळेवर बसते.

अंमलदारांनी साधे उदाहरण मागितले. मी म्हणालो, पत्र. आत वरच्या कोपऱ्यात तारीख असते ती लिहिणाऱ्याची. पाकिटावर शिक्का असतो तो पोस्टाचा. लिहिणारा तारीख घालायला विसरला तर शिक्का तेवढा उरतो.

गाडीतला संगणक एका वेळी बरीच कामे करतो. चाकांचे एक, कॅमेऱ्याचे एक, टॉवरकडून रेडिओवर येणाऱ्या संदेशांचे एक. एकाच कचेरीत वेगवेगळ्या टेबलांवर बसलेले कारकून असावेत तसे. घडल्याची वेळ कुठून घ्यायची हे एका टेबलावर सांगितले तर दुसऱ्या टेबलाला कळत नाही. प्रत्येक टेबलावर जाऊन वेगळे सांगावे लागते. मी चाकांच्या टेबलावर सांगितले. कॅमेऱ्याच्या टेबलावर सांगितले. रेडिओच्या टेबलावर सांगायचे राहिले.

रेडिओचा भाग मी गुरुवार, दि. २३ जून २०२२ रोजी लिहिला. मिडसमरच्या सणाचा आदला दिवस होता. त्या दिवशी बारानंतर ऑफिसात कोणी थांबत नाही. घरचे खाली गाडीत बसले होते. डिकीत हेरिंग माशांची बरणी आणि नवे बटाटे होते. धाकटीने दोनदा हॉर्न वाजवला. राहिलेले सोमवारी बघू असे मी ठरवले. सोमवारपासून मी पाच आठवडे सुट्टीवर होतो.

थांबवण्याचे बटण रेडिओवरूनच बोलते. बटण दाबले की त्या संदेशात दाबल्याची वेळ बटण स्वतः लिहून पाठवते. ती वेळ गाडीपर्यंत येत होती. मी ती लायब्ररीला दिली नाही. एका ओळीचे काम होते.

रेडिओवर येणारे सगळे संदेश एकाच रांगेत उभे राहतात. तो निर्णय माझा नव्हता, पण मला माहीत होता. रोज जेवणानंतर टॉवरमधून यार्डाचा नवा नकाशा गाड्यांना जातो, कारण ढीग हलतात. नकाशा जड असतो. बटणाचा संदेश त्याच्या मागे लागला तर नकाशा उतरेपर्यंत थांबतो. त्याचा नंबर आला की त्याची नोंद होते आणि त्याच क्षणी ब्रेक लागतो. म्हणून नोंदीत बटण आणि ब्रेक नेहमी एकमेकांना चिकटलेले दिसतात. संदेश रांगेत दहा मिनिटे पडून राहिला असता तरी ते तसेच दिसले असते.

हे अंमलदारांनी दोनदा विचारले आणि मी दोनदा सांगितले. ज्या उशिराने माणूस गेला, तो उशीर आमच्या नोंदीत दिसूच शकत नव्हता.

रागनवाल्ड यार्डातला सुरक्षा प्रतिनिधी होता. कामगारांनी निवडलेला. धोका वाटला तर काम थांबवण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे, मालकाला विचारावे लागत नाही. त्याने तो हक्क दोनदा वापरला, नोव्हेंबर २०२३ मध्ये एकदा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदा. दोन्ही वेळा यार्ड अर्धा दिवस बंद राहिले. दोन्ही वेळा त्याची तक्रार एकच होती. फेब्रुवारीत तो माझ्या टेबलापाशी आला. बूट बाहेर काढून, मोज्यांवर. आमचे बोलणे मला आठवते तसे सांगतो.

तो म्हणाला, "अरे तूवे, तुझी गाडी ऐकते. पण विचार करून ऐकते."

"म्हणजे?"

"मी दाबतो. मग ती जरा चालते. मग थांबते. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखी. हाक ऐकली की आधी झाडापाशी जायचा, मग यायचा."

"नेहमी?"

"नेहमी नाही. जेवणानंतर."

मी त्याला आलेख काढून दाखवला. त्याने चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवले. "हे बटण?"

"हो."

"आणि हा ब्रेक?"

"हो. मध्ये एक दशांश सेकंदसुद्धा नाही."

"चिकटलेच आहेत की."

"चिकटलेलेच आहेत."

त्याने बोट स्क्रीनवरून उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरले. म्हणाला, "मग हेच म्हातारं झालं असेल." आम्ही दोघे हसलो. तो बूट घालून गेला.

"जेवणानंतर" हा शब्द मी ऐकला होता. त्याचे काय केले, असे विचारले. काही केले नाही. माझ्या आलेखावरून कंपनीच्या फायलीत "तक्रारीत तथ्य आढळले नाही" असे लिहिले गेले. खाली माझी सही आहे.

अपघाताच्या दिवशी रागनवाल्डने पोलिसांना सांगितले की माणूस दिसताच मी बटण दाबले. ते त्याच्या पहिल्या जबाबात आहे असे अंमलदारांनी मला सांगितले.

शुक्रवार, दि. २६ एप्रिल रोजी सकाळी ९.४० ला आमच्या तांत्रिक प्रमुख सोल्वेग नूरबीन यांचा मला फोन आला. त्या अपघाताचा आलेख तयार करत होत्या.

"तूवे, बटण कुठंय रे? चाकं दिसतात, कॅमेरा दिसतो, बटणाची ओळ रिकामी."

"कुठल्या वेळेवर बघतेस?"

"घडल्याच्या."

"खाली बदलता येतं बघ. लिहिल्याच्या वेळेवर टाक."

"थांब हं. … आलं. अकरा पूर्णांक चार सेकंद."

"आलं ना."

"आलं. सुटले बाई. थँक्स."

फोन ४८ सेकंद चालला. ते माझ्या फोनमध्ये आहे. ओळ रिकामी का, हे तिने विचारले नाही. मी सांगितले नाही. घडल्याच्या वेळेवर एखादी ओळ रिकामी दिसते याचा अर्थ काय, हे कंपनीत दुसऱ्या कोणाला नाही तरी मला माहीत असायला हवे होते.

मंगळवार, दि. ३० एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता बैठक झाली. त्या दिवशी वालबोरी हा वसंताच्या स्वागताचा सण होता. दुपारी ऑफिस बंद, संध्याकाळी बंदरावर होळी पेटते, बऱ्याच जणांच्या पिशव्या दाराशी ठेवलेल्या होत्या. आम्ही आठ जण होतो. रागनवाल्ड खिडकीपाशी बसला होता. सोल्वेगने आलेख भिंतीवर लावला. दोन वाजून एकवीस मिनिटे सात सेकंदांनी ओझोल्स टॉवरमधून गल्लीत दिसू लागतात. अकरा पूर्णांक चारला बटण. अकरा पूर्णांक सातला धडक.

रागनवाल्डने आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे चार सेकंद."

सोल्वेग म्हणाली, "तुला दोष द्यायला आपण जमलेलो नाही, रागनवाल्ड."

"नाही, नाही. पण चार सेकंद."

"आलेखात तसं दिसतंय."

"चार सेकंद मी काय करत होतो?"

त्याने हे कोणा एकाला विचारले नव्हते.

आमच्याकडे बैठक उठण्याआधी टेबलाभोवती एकेकाला विचारतात, काही भर घालायची आहे का. प्रत्येकाने काहीतरी बोलायचे असते, म्हणून बहुतेक जण "भर घालण्यासारखं काही नाही" असे बोलतात. मग सगळ्यांचे एकमत झाले असे धरतात. त्या दिवशी सुरुवात दाराकडून झाली. रागनवाल्डचा नंबर तिसरा होता. तो म्हणाला, भर घालण्यासारखं काही नाही. माझा नंबर सातवा होता. रिकामी ओळ मला शुक्रवारपासून आठवत होती. मी म्हणालो, भर घालण्यासारखं काही नाही. बैठक १०.५० ला संपली.

त्या वेळी मला माहीत होते का, असे अंमलदारांनी विचारले. शंका होती. खात्री नव्हती. शंका आणि खात्री यांत किती अंतर होते, असे त्यांनी विचारले. सहा दिवस.

सोमवार, दि. ६ मे २०२४ रोजी सकाळी १०.१५ वाजता मी गाडीतून काढून ठेवलेले मूळ संदेश उघडले. हे संदेश जसे येतात तसे, न उघडलेल्या पाकिटांसारखे, वेगळ्या डिस्कवर साठवले जातात. कोणी बघत नाही. २५ एप्रिलच्या बटणाच्या संदेशात दाबल्याची वेळ होती. दोन वाजून एकवीस मिनिटे सात पूर्णांक तीन सेकंद.

म्हणजे ओझोल्स गल्लीत दिसल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत रागनवाल्डने बटण दाबले होते. त्या क्षणी गाडी त्यांच्यापासून अकरा मीटरवर होती. वेग ताशी नऊ किलोमीटर. ब्रेक लागल्यावर गाडी साधारण मीटरभरात थांबते. वेळेत ऐकले असते तर मध्ये दहा मीटर उरले असते. संदेश चार पूर्णांक एक सेकंद नकाशाच्या मागे उभा होता.

मी त्याच दिवशी अकरा वाजता सोल्वेगच्या खोलीत गेलो.

"बस. दार लावून घे," ती म्हणाली. मी सांगितले. तिने मध्ये अडवले नाही. मग विचारले, "कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"तुझी खात्री आहे?"

"बटणानं स्वतः लिहिलंय."

"बटणाचं घड्याळ चुकलेलं असेल."

"तपासलं. बरोबर आहे."

ती म्हणाली, "हे बघ तूवे. आत्ता कुठे जरा शांत झालंय. रागनवाल्डनं आपणहून मान्य केलंय. त्याला परत यात ओढायचंय का तुला?"

"त्यानं मान्य केलं ते आपला आलेख बघून."

"आपला नाही. तुझा." हे ती रागाने बोलली नाही. पुढे म्हणाली, "दुरुस्त करून टाक. पुढे कोणाला त्रास नको. बाकीच्याकडे आपण परत येऊ."

"दुरुस्तीखाली काय लिहू?"

"जे आहे ते. थोडक्यात."

बुधवार, दि. ८ मे रोजी मी ती ओळ लिहिली. दोन मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी होती, लोक लवकर निघाले होते. दुरुस्तीखाली मी "वेळेच्या हाताळणीत किरकोळ सुधारणा" असे लिहिले. ते शब्द माझे आहेत, सोल्वेगचे नाहीत. तुमच्याकडे सगळे सणाच्या आदल्या दिवशी होते, असे अंमलदार म्हणाल्या. मी हो म्हणालो.

त्यानंतर गाड्यांच्या नोंदीत उशीर दिसू लागला. जूनमध्ये नकाशासाठी वेगळी रांग केली. त्या बदलाखाली कारण म्हणून "कार्यक्षमता" असे लिहिले आहे. आता बटण दाबले की गाडी लगेच थांबते.

बाकीच्याकडे सोल्वेग परत आली नाही. मीही गेलो नाही.

रागनवाल्ड मे महिन्यातच घरी बसला. जूनमध्ये त्याने पोलिसांना दुसरा जबाब दिला. त्यात त्याने सांगितले की त्या वेळी मी थर्मासमधून कॉफी ओतत होतो, त्यामुळे माझे लक्ष नव्हते. हे आम्हाला ऑफिसात कळले. कोणीतरी म्हणाले, बिचारा, पण निदान प्रामाणिक आहे. मी तिथे होतो.

जून ते जानेवारी या काळात मी काय केले, असे विचारले. नोकरी केली.

शनिवार, दि. ८ फेब्रुवारी रोजी सकाळी मी कचरा-केंद्रावर काचेच्या बाटल्या टाकायला गेलो होतो. तिथे रागनवाल्डची बायको गेर्ड भेटली. ती बरण्यांची झाकणे काढत उभी होती. मी विचारले, कसा आहे तो.

"बसलेला असतो. टीव्ही बंद, हातात रिमोट."

"म्हणजे?"

"मी स्वयंपाकघरातून 'आता' म्हणायचं आणि त्यानं दाबायचं. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. घड्याळ लावून. वहीत लिहितो सगळं. तीन वह्या झाल्या."

"किती येतं?"

"अर्ध्या सेकंदाच्या आत. कधीच जास्त नाही. मी म्हणते, बघ, झालं ना. तर म्हणतो, तू म्हणणार हे मला माहीत असतं गं, खऱ्यात माहीत नसतं. परवापासून नवीन काढलंय. न सांगता ओरड म्हणतो, मध्येच कधीतरी. मी बटाटे सोलत असताना. आता मी काय घरात ओरडत फिरू, या वयात?"

तिने शेवटची बरणी टाकली, हातमोजे काढले आणि म्हणाली, "तू जरा येऊन बोल ना त्याच्याशी. आमचं ऐकत नाही. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. तूच तर त्याला आकडे दाखवले होतेस."

मी येतो म्हणालो. तीन आठवड्यांनी गेलो.

शनिवार, दि. १ मार्च २०२५ रोजी दुपारी दोन वाजता मी रागनवाल्डच्या घरी गेलो. गेर्ड घरात नव्हती. तो स्वयंपाकघरात होता. टेबलावर थर्मास होता आणि दोन कप पालथे ठेवलेले होते. मी येणार हे त्याला माहीत होते. मी उभ्यानेच सांगितले.

तो म्हणाला, "किती?"

"चार पूर्णांक एक."

"माझ्याकडून की गाडीकडून?"

"गाडीकडून. तू वेळेत दाबलं होतंस."

"तो कुठे होता तेव्हा?"

"गाडी त्याच्यापासून अकरा मीटरवर होती."

"दोन ओंडके," तो म्हणाला. आमच्या यार्डात ओंडके साडेपाच मीटरचे असतात.

मग तो जे बोलला ते त्याच्या शब्दांत सांगतो, कारण ते त्याच्या दुसऱ्या जबाबाशी संबंधित आहे. "कॉफी मी ओतत नव्हतो. पोलिसांनी विचारलं, चार सेकंद काय करत होतात. मला आठवेना. काहीतरी करत असणारच ना माणूस. मी म्हणालो कॉफी. मग ऑगस्टात मी फेरीबोटीनं तिकडे गेलो, त्या ओझोल्सच्या गावाला. त्याच्या बायकोनंही तेच विचारलं. दुभाष्या बसला होता मध्ये. तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, कॉफी. आता मला ती कॉफी आठवते, तूवे. कप कुठला होता तेसुद्धा आठवतं."

ती काय म्हणाली, असे मी विचारले.

"काही नाही. टेबलावर तिनं आमच्यासाठी कॉफी केलेली होती. ती उचलून आत नेली."

नंतर त्याने विचारले, "तुला कधी कळलं?"

"सहा मेला."

"कुठल्या?"

"गेल्या."

भिंतीवर बँकेचे कॅलेंडर होते. त्याने तिकडे पाहिले, पण ते नवीन वर्षाचे होते. तो म्हणाला, "सहा मे. आणि फेरीबोट ऑगस्टात."

त्याने एक कप सुलटा केला, थर्मास उघडला आणि स्वतःपुरती कॉफी ओतली. दुसरा कप तसाच राहिला. मी साधारण दहा मिनिटे तिथे होतो.

निघताना मी त्याला म्हणालो, तू तुझा जबाब बदल. तो म्हणाला, "पहिल्यांदा एक सांगितलं, मग दुसरं. आता तिसरं सांगू? न्यायाधीश म्हणतील, म्हातारा सोयीनं बदलतो. मी काही बदलत नाही. तुझं जे आहे ते तू जाऊन सांग."

यावरून मी आज इथे आलो आहे. मधल्या सोमवारी मी कामावर गेलो.

मी सोबत एक बंद पाकीट आणले आहे. त्यात २५ एप्रिल २०२४ च्या मूळ संदेशांची प्रत, ८ मे आणि जूनमधल्या बदलांची छापील पाने आणि फेब्रुवारी २०२४ चा माझ्या सहीचा कागद आहे. पाकीट अंमलदारांनी माझ्यासमोर उघडून पाने मोजली. सहा पाने व एक डिस्क. मूळ संदेश कंपनीकडे अजून असतील का, असे त्यांनी विचारले. बारा महिन्यांनी ते आपोआप पुसले जातात. २५ एप्रिलला पुसले जातील. ते मी ठरवलेले आहे.

माझे कोणाशी वैर नाही. सोल्वेगबद्दल मी सांगितले ते खरे आहे, पण ती ओळ तिने लिहिली नव्हती. ओझोल्स यांच्या पत्नीला हे कोणी कळवायचे, असे मी विचारले. अंमलदार म्हणाल्या की ते कार्यालयामार्फत पत्राने कळवले जाईल. पत्रावर कुठली तारीख असेल, असे मी विचारले. पाठवल्याची, असे त्या म्हणाल्या.

जबाब पूर्ण झाल्यावर काही भर घालायची आहे का, असे मला विचारण्यात आले.

मला भर घालायची आहे. या जबाबाच्या वर आजची तारीख आहे. हा जबाब न्यायालयात वाचला जाईल तेव्हा ही गोष्ट मार्च २०२५ मध्ये उघड झाली असे दिसेल. ते खरे नाही. मला कळल्याची तारीखही वर लिहावी अशी मी विनंती केली. अंमलदारांनी संगणकावर पाहून सांगितले की तारखेला एकच रकाना आहे आणि तो आपोआप भरतो, त्यात हाताने काही घालता येत नाही. म्हणून ते इथे, शेवटी घेतले आहे.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत, सावकाश वाचून दाखवण्यात आला. त्यातले आकडे मी पुन्हा तपासले. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. तो मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही.

जबाब लिहिला गेला ती वेळ: ४ मार्च २०२५, सकाळी ११.४०.
मला कळले ती वेळ: ६ मे २०२४, सकाळी १०.१५.
दोन्ही बरोबर आहेत.

सही, तूवे एल्फविंग
समक्ष, इल्वा सांडीन, तपासी अंमलदार